लाकडाची थप्पी: त्यात लाकूड किती, हवा किती?

‘थप्पी एवढी मोठी दिसते, मग काट्यावर लाकूड कमी कसं भरतं?’ सरपण विकत घेणारा जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी हा प्रश्न विचारतो. विकणारा हसतो आणि म्हणतो, ‘दिसतं तेवढं कुठलंच नसतं.’ त्याचं म्हणणं खरं आहे. पण दिसतं त्यातलं नेमकं किती असतं, हे एक टेप आणि थोडा गुणाकार यांच्या आधारे आपल्यालाही काढता येतं.

सुरतेसारख्या गॅस आणि विजेच्या शहरात हा प्रश्न कशाला, असं वाटेल. पण उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्या गल्लीत होळी पेटते, लग्नाच्या मांडवामागे आचाऱ्याची चूल पेटते, आणि घरात कुणी गेलं की अश्विनीकुमार, उमरा किंवा जहांगीरपुऱ्याच्या कुरुक्षेत्र स्मशानभूमीत गॅसभट्टीबरोबर लाकडाचाही पर्याय समोर येतो. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, सुरतेतल्या गॅसभट्ट्या अखंड चालल्यामुळे त्यांचे लोखंडी भाग वितळले. अशा वेळी आवारात रचलेली थप्पी किती जणांना पुरेल, हा प्रश्न हिशेबाचा राहत नाही, जबाबदारीचा होतो.

१. आधी थप्पी मोजा

थप्पीचं माप म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार. लाकडं सारख्या लांबीची कापून एकावर एक आडवी रचलेली असतील, तर ओंडक्याची लांबी हीच थप्पीची रुंदी.

समजा लातीत, म्हणजे लाकडाच्या वखारीत, एक मीटर लांबीच्या ओंडक्यांची थप्पी आहे. तिची लांबी ३ मीटर. वरचा भाग सपाट नसल्यामुळे उंची चार ठिकाणी मोजली: १.१, १.३, १.२ आणि १.२ मीटर. सरासरी १.२ मीटर. म्हणून थप्पीचं माप ३ × १ × १.२ = ३.६ घनमीटर.

इथे तीन ठिकाणी चूक होते. पहिली, उंची फक्त मधोमध मोजणं. थप्पी बहुधा मध्येच फुगलेली असते, त्यामुळे माप वाढतं. दुसरी, टोकांना खुंट नसणं. मग थप्पी दोन्ही बाजूंना उतरती होते. तळाशी ४ मीटर आणि माथ्याला ३ मीटर असेल, तर लांबी साडेतीन मीटर धरायची. तिसरी चूक उतारावरच्या थप्पीची. लांबी उताराच्या कडेने मोजली असेल, तर उंचीही त्या उताराशी काटकोनात मोजायला हवी. टेप नुसता सरळ उभा धरला की उंची जास्त भरते आणि जास्तीचे पैसे आपल्या खिशातून जातात.

२. मधली हवा कुठून आली?

आपण मोजले ते ३.६ घनमीटर लाकडाचे नाहीत, थप्पीचे आहेत. लाडवांनी गच्च भरलेल्या डब्यात वरून मुरमुरे ओतले, तर ते लाडवांच्या फटींत ओंजळ-दोन ओंजळी सहज मावतात. थप्पीतल्या गोल ओंडक्यांच्या मध्येही तशाच फटी असतात. म्हणून पुढे दोन शब्द वेगळे ठेवू: फटींसकट जे माप येतं ते ‘रास घनमीटर’ आणि फटी वगळून उरतं ते ‘भरीव घनमीटर’.

फ्रान्समध्ये ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने मीटर, लिटर, ग्रॅम ही नवी मापं ठरली, तेव्हा सरपणासाठी ‘स्तेर’ नावाचं वेगळं माप त्याच कायद्यात होतं. एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशी रास म्हणजे एक स्तेर. अमेरिकेत सरपण ‘कॉर्ड’ने विकतात: ८ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट उंच, म्हणजे १२८ घनफूट. ही दोन्ही मापं हवेसकट आहेत. आपल्याकडे विदर्भातल्या वनआगारांत जळाऊ लाकडाचे ‘बीट’ विकले जातात, तीही रचलेली रासच.

आता एक हिशेब. एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच चौकटीत २० सेंटिमीटर जाडीचे गोल, सरळ ओंडके एकावर एक अगदी रांगेत रचले, तर एका ओळीत ५ आणि ओळी ५, असे २५ ओंडके बसतात. एका ओंडक्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मीटर. २५ ओंडक्यांचं मिळून ०.७८५. म्हणजे चौकटीचा साडेअठ्ठ्याहत्तर टक्के भाग लाकूड, बाकी हवा.

ओंडके निम्म्या जाडीचे, १० सेंटिमीटरचे घेतले तर? आता एका ओळीत १० आणि ओळीही १०, एकूण १०० ओंडके. प्रत्येकाचं क्षेत्रफळ ०.००७८५. गुणाकार पुन्हा ०.७८५! ओंडके सरळ, गोल आणि सारखे असतील, तर जाड-बारीक असण्याने हवेचं प्रमाण बदलत नाही. फटी लहान होतात, पण त्यांची संख्या वाढते.

वरची ओळ खालच्या ओळीच्या खाचांत बसवली, तर लाकूड जवळजवळ ९०.७ टक्क्यांपर्यंत जातं. सारख्या गोल ओंडक्यांसाठी ही कमाल मर्यादा आहे. कितीही हुशार रचणारा आला तरी न फोडलेल्या अशा ओंडक्यांची त्याहून घट्ट थप्पी रचू शकत नाही.

३. प्रत्यक्षातले ठोकताळे

पण बाभळीला हे गणित कुणी शिकवलेलं नसतं. ती वाकडी वाढते, तिला गाठी असतात, सालीला भेगा असतात, फांदी तोडलेल्या जागी बोटभर खुंटी राहिलेली असते. एक खुंटी दोन ओंडक्यांना वेगळं ठेवायला पुरते. म्हणून बारीक फाट्यांच्या थप्पीत हवा जास्त असते. कारण त्यांची जाडी नव्हे, वाकडेपणा.

सर्वसाधारण अंदाज असे धरता येतात. जाड, सरळ, साल काढलेले ओंडके नीट रचले असतील तर थप्पीचा ७० ते ७५ टक्के भाग लाकूड. मध्यम जाडीची, थोडी वाकडी लाकडं असतील तर ६० ते ६५ टक्के. वाकड्या बाभळीच्या फांद्या असतील तर ५० ते ५५ टक्के. आणि ट्रॉलीत नुसतीच टाकलेली, न रचलेली लाकडं असतील तर ४० टक्के धरलेलं बरं.

रचण्याची पद्धतही पाहा. एक थर उभा, एक आडवा अशी जाळीदार थप्पी लाकूड वाळवायला उत्तम, कारण वारा आरपार जातो. विकत घेताना मात्र तो वाराही आपण विकत घेतो.

आणखी एक गंमत. एक मीटरचे वाकडे ओंडके मधोमध कापून पुन्हा रचले, तर थप्पी लहान होते. फ्रान्समध्ये ठोकताळाच आहे: एक मीटर लांबीच्या लाकडाची एक घनमीटर रास अर्ध्या मीटरच्या तुकड्यांत कापली की सुमारे ०.८ घनमीटर भरते, आणि ३३ सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापली की सुमारे ०.७. लाकूड एक ढलपीही कमी झालेलं नसतं. लहान तुकड्याचा वाकडेपणा कमी, म्हणून तो शेजाऱ्याला जास्त चिकटून बसतो. तेव्हा ‘तोडून दिलं आणि थप्पी कमी झाली’ म्हणून तोडणाऱ्यावर लगेच संशय घेऊ नका.

४. आपल्या थप्पीचा आकडा आपण काढा

ठोकताळ्यावर विश्वास नसेल, तर थप्पीच्या तोंडासमोर उभे राहा. तोंड म्हणजे जिथे ओंडक्यांची कापलेली टोकं दिसतात ती बाजू. टेप तिरका ताणून धरा. टेपवर दर दहा सेंटिमीटरला पाहा: खुणेखाली लाकूड आहे की फट? दोन मीटरच्या टेपवर अशा २० खुणा होतात. वेगवेगळ्या पाच जागी टेप धरला की १०० खुणा. त्यांपैकी ६३ खुणा लाकडावर आल्या, तर थप्पीत साधारण ६३ टक्के लाकूड आहे.

टेप तिरका का? आडवा धरला, तर तो एखाद्या ओळीच्या बरोबर मध्यावरून जाईल आणि लाकूडच लाकूड दिसेल. किंवा दोन ओळींच्या सांध्यावरून जाईल आणि फटीच फटी दिसतील. तिरका टेप दोन्हीतून जातो. मोबाइलवर फोटो काढून त्यावर चौकटी आखल्या तरी हेच काम बसल्या जागी होतं.

थप्पीच्या दोन्ही बाजू तपासा. समोर जाड, सुबक टोकं आणि मागे बारीक फाट्या, असं रचणं अवघड नसतं.

५. ओंडक्यापासून थप्पीकडे

दुसरा रस्ता उलट दिशेने जातो: प्रत्येक ओंडका मोजायचा आणि बेरीज करायची. ओंडका एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असतो, म्हणून टेप मधोमध गुंडाळून घेर मोजतात. सूत्र सोपं आहे:

घेर × घेर × लांबी ÷ १२.५७

सगळी मापं मीटरमध्ये घ्यायची. १२.५७ हा आकडा म्हणजे ‘पाय’ची, म्हणजे ३.१४१६ ची, चौपट. घेरावरून वर्तुळाचं क्षेत्रफळ काढताना तो येतो.

मघाच्या ३.६ घनमीटरच्या थप्पीत समजा तीन प्रकारचे ओंडके आहेत, सगळे एक मीटर लांब. ७५ सेंटिमीटर घेराचे २४, ५० सेंटिमीटर घेराचे ४५ आणि ३० सेंटिमीटर घेराचे ६०. जाड ओंडका प्रत्येकी ०.०४४८ घनमीटर, २४ चे मिळून सुमारे १.०७. मधला ०.०१९९, ४५ चे मिळून ०.९०. बारीक ०.००७२, ६० चे मिळून ०.४३. एकूण २.४ भरीव घनमीटर. २.४ भागिले ३.६ म्हणजे दोन तृतीयांश. रास तीन भाग मोजली, तर लाकूड दोन भाग आणि हवा एक भाग.

संख्या पाहा: २४ जाड ओंडक्यांत ६० बारीक ओंडक्यांच्या अडीचपट लाकूड आहे. घेर दुप्पट झाला की लाकूड चौपट होतं. म्हणून सगळ्या घेरांची सरासरी काढून एकदाच गुणाकार करू नये. ३० आणि ९० सेंटिमीटर घेराचे दोन ओंडके घ्या. सरासरी ६०. त्या हिशेबाने ०.६ चा वर्ग ०.३६, दोनदा घेतला की ०.७२. पण खरे वर्ग ०.०९ आणि ०.८१, बेरीज ०.९०. सरासरीच्या सोयीपायी पाचवा हिस्सा लाकूड कागदावरून नाहीसं झालं. ओंडके आधी जाड, मध्यम, बारीक असे वेगळे करावेत आणि प्रत्येक गटाचा हिशेब वेगळा करावा.

६. वखारीतला चौथाई घेर

इमारती लाकडाच्या वखारीत मात्र वेगळं सूत्र ऐकू येईल: घेराचा चौथा हिस्सा घ्या, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. इंग्लंडमध्ये एडवर्ड हॉपस याने १७३६ मध्ये या पद्धतीची तयार कोष्टकं छापली आणि इंग्रजी अमलाबरोबर ती आपल्याकडच्या लाकूडबाजारात रुजली.

७५ सेंटिमीटर घेराच्या आपल्या ओंडक्याला हे सूत्र लावू. ७५ चा चौथा हिस्सा १८.७५ सेंटिमीटर. ०.१८७५ चा वर्ग ०.०३५२. खरं उत्तर होतं ०.०४४८. चौथाई घेर खऱ्या मापाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच दाखवतो. हा आकडा आपल्याला दुसऱ्या भागात भेटला होता. दोन्हीकडे गोलाची गाठ चौकोनाशी आहे, म्हणून आकडाही एकच. गोल ओंडक्याची चौकोनी तुळई कापताना बाजूची पाठं आणि भुसा वाया जाणार, ती सूट या सूत्रात आधीच दिलेली असते. सरपणात असं काही वाया जात नाही, पाठही जळते. म्हणून जळाऊ लाकडाला पाचव्या भागातलं पूर्ण माप लावावं.

सुरतेच्या पूर्वेला असलेल्या डांगच्या जंगलात या मापांचा मोठा इतिहास आहे. तिथल्या सागावर जहाजबांधणीसाठी इंग्रजांचा डोळा होता. १८४२ मध्ये त्यांनी भिल्ल राजांकडून जंगलाचे पट्टे घेतले. पुढे बडोद्याच्या गायकवाडांच्या काळात, १९१३ मध्ये, बिलीमोरा ते वघई हा ६३ किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग सुरू झाला आणि डांगचं लाकूड त्यावरून खाली येऊ लागलं. तोडीच्या कुपात, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या भागात, इमारती ओंडका एकेक मोजतात आणि जळाऊ लाकूड रचून मोजतात. तोडणाऱ्याची मजुरी या मापावर ठरते. ठेकेदाराने रास दोन वीत जास्त उंच रचायला लावली आणि मजुरी जुन्याच दराने दिली, तर आदिवासी मजुराला ते सिद्ध करणं कठीण. १९४७ पासून मुंबई राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या, त्या ठेकेदाराला मधून काढण्यासाठीच. टेप कुणाच्या हातात आहे, याला जंगलात फार महत्त्व असतं.

७. घनमीटरवरून किलोवर, किलोवरून मणावर

लाती बहुधा काट्यावर विकते, म्हणून आता वजन. वाळलेल्या बाभळीचा एक भरीव घनमीटर साधारण ८०० किलो भरतो. सागाचा साधारण ६५० किलो. सावरीसारखं हलकं लाकूड ४०० किलोच्या आतबाहेर. जात बदलली की त्याच थप्पीचं वजन निम्म्यावर येऊ शकतं.

आपली थप्पी बाभळीची असेल, तर २.४ × ८०० = १,९२० किलो. सरळ रास धरून ३.६ × ८०० केलं असतं, तर २,८८० किलोची अपेक्षा ठेवली असती आणि काट्यापाशी भांडण झालं असतं. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हेच: ९६० किलो लाकूड कुणी चोरलं नाही, तिथे हवा होती.

मणाचा घोळ वेगळा. गुजरातेत मण २० किलोचा, खानदेशात ४० किलोचा. आपली थप्पी सुरतेत ९६ मण, आणि जळगावहून आलेल्या मामांच्या हिशेबी ४८ मण. दर विचारताना ‘मणाला किती’ असं न विचारता ‘किलोला किती’ विचारलेलं बरं.

स्मशानभूमीच्या हिशेबात एका अंत्यविधीला साधारण ३०० ते ५०० किलो लाकूड धरतात. ४०० किलो धरले, तर ही थप्पी चौघांना पुरेल, पाचव्याला कमी पडेल. रास हेच लाकूड समजणारा व्यवस्थापक सात जणांचा हिशेब मांडून बसेल.

८. काटाही पूर्ण खरं सांगत नाही

मग सरळ तोलूनच घ्यावं, असं वाटेल. पण काटा लाकूड आणि पाणी यांत फरक करत नाही. ताज्या तोडीच्या १०० किलो लाकडात ४५ किलोपर्यंत पाणी असणं नवलाचं नाही. नीट वाळलेल्यात ते १५ किलोवर येतं.

कोरडं लाकूड जळताना किलोमागे साधारण १८ मेगाज्यूल उष्णता देतं. एक लिटर पाण्याला उकळी आणायला सुमारे ०.३ मेगाज्यूल लागतात, यावरून अंदाज यावा. आणि एक किलो पाण्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २.६ मेगाज्यूल खर्च होतात.

ओल्या १०० किलोंत कोरडं लाकूड ५५ किलो: ५५ × १८ = ९९०. त्यातून ४५ किलो पाणी उडवण्याचे ११७ वजा केले की उरले ८७३ मेगाज्यूल. वाळलेल्या १०० किलोंत कोरडं लाकूड ८५ किलो: १,५३० वजा ३९, उरले १,४९१. वजन तेच, दर तोच, पण ओल्या लाकडाची ऊब वाळलेल्याच्या सुमारे ५९ टक्के. शिवाय धूर, फुंकणी आणि आचाऱ्याची बोलणी वेगळी.

वाळताना लाकडाचं वजन मोठ्या प्रमाणात घटतं, आकारमान मात्र थोडंच आकसतं. म्हणजे ओल्या लाकडाच्या बाबतीत टेप काट्यापेक्षा जास्त विश्वासाचा.

ओलं कसं ओळखावं? दोन ओंडके एकमेकांवर आपटा. वाळलेलं लाकूड खणखणीत वाजतं, ओलं भद्द आवाज करतं. वाळलेल्याच्या कापलेल्या तोंडावर मध्यापासून कडेकडे गेलेल्या भेगा दिसतात आणि साल नखाने उचलून येते. ओल्याची साल चिकटलेली असते आणि तोंड गुळगुळीत असतं.

९. मापून घ्यावं की तोलून?

लाकूड ओलं असेल किंवा पावसाळ्यात घेत असाल, तर मापून घ्या. पाण्याला पैसे पडणार नाहीत. लाकूड वाळलेलं पण वाकडंतिकडं असेल, तर तोलून घ्या; हवेला पैसे पडणार नाहीत. वाळलेलं, सरळ आणि नीट रचलेलं असेल, तर दोन्ही करून पाहा. माप आणि वजन जुळलं नाही, तर जात, ओल किंवा रचना यांपैकी कशात तरी फरक आहे, तो शोधा. काट्यावर वैधमापन खात्याचा चालू शिक्का आहे का, तेही पाहून घ्या.

आणि सौदा करताना एक प्रश्न न चुकता विचारा: ‘हा घनमीटर रचलेला की भरीव?’ दोन्हीत तिसऱ्या हिश्श्याचा फरक आहे, आणि दर ठरण्याआधी विचारलं तर हा फरक फुकट मिटतो.